मागच्या जिन्याने

सिस्टरम्मा आजारी माणसाला हात लावण्याआधी त्याची परवानगी मागत. माणूस शुद्धीवर असो की नसो, त्याला कळत असो की नसो. पलंगाशेजारी जमिनीवर मांडी घालायची, तोंड त्याच्या कानाशी न्यायचं आणि विचारायचं, "हात लगाऊं क्या, अय्या?" मग थांबायचं. उत्तर येणार नाही हे ठाऊक असलं तरी चांगलं दोन श्वास थांबायचं आणि मगच पांघरूण बाजूला करायचं. आमचे अण्णा पडून कंबर धरून बसले होते तेव्हा त्यांची कूस बदलायला त्या पहिल्यांदा आल्या. मी दारात उभा राहून हे सगळं पाहिलं आणि मनात म्हटलं, बाई जरा नाटकीच दिसतेय. त्याआधी महिनाभर मी जन्मदात्या बापाला बटाट्याच्या पोत्यासारखा इकडून तिकडे लोटत होतो, ते काही माझ्या डोक्यात आलं नाही.

सिस्टरम्मा आमची बिल्डिंग सोडून गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. कुकटपल्लीतल्या आमच्या चार मजली अपार्टमेंटमध्ये त्या अगदी वरच्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीखालच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढलेली, लग्न केलेलं नाही, जवळचं म्हणावं असं कुणी नाही. तेलुगू बाई, ख्रिस्ती. आमच्याशी बोलायच्या ती हैदराबादेत सगळेच बोलतात ती दख्खनी. सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टरम्मा म्हणे. त्यांचं खरं नाव सुगुणा, हे मला कळलं ते असोसिएशनच्या ठरावात लिहायची पाळी आली तेव्हा. मी तेव्हा असोसिएशनचा सेक्रेटरी होतो. आजही आहे. हे लिहितोय ते त्यांचं कौतुक करायला, असं समजू नका. तो हक्क मी माझ्या हाताने, स्वच्छ इंग्रजीत, घालवलेला आहे.

कुणाच्या घरात आपल्या हातचं चालतं आणि कुणाच्या नाही, याचा त्यांना बिनचूक अंदाज असे. नाताळच्या दिवशी त्या सगळ्या मजल्यांवर फिरायच्या. काही घरांना अंड्याचा केक, काहींना बिनअंड्याचा, आणि आमच्यासारख्या तीन-चार घरांना केळी. पहिल्या वर्षी आम्हालाही केक आला होता. तो आम्ही हसून घेतला आणि दार लावल्यावर कामवाल्या यादम्माच्या पिशवीत घातला. यादम्माने तो जिन्यात बसून खाल्ला, आणि त्या नेमक्या वरून उतरत होत्या. पुढच्या वर्षापासून केळी. माझी बायको वसुधा ओशाळून काहीतरी पुटपुटली, तर त्या म्हणाल्या, "पर्वालेदु अम्मा, केला तो देव खुदीच प्याक करके भेजा." पर्वालेदु म्हणजे असू द्या, काही हरकत नाही. त्यांच्या तोंडी तो शब्द दिवसातून पन्नासदा यायचा. त्यात टोमणा असता तर आम्ही भांडून मोकळे झालो असतो. टोमणा नव्हताच. आम्ही केळी खाल्ली.

प्रार्थनेचंही तसंच. आजाऱ्याची सेवा झाली की त्या घरच्यांना एकदा विचारायच्या, प्रार्थना करूं क्या? हो म्हटलं तर डोळे मिटून तेलुगूत चार वाक्यं बोलायच्या, तीही अशी, की जणू शेजारच्या खोलीतल्या कुणाशी बोलताहेत. मी नको म्हटलं होतं. चांगलं ठणकावून म्हटलं होतं, आमच्यात हे चालत नाही. त्या म्हणाल्या, पर्वालेदु, आणि अण्णांचं बेडपॅन उचलून न्हाणीघराकडे वळल्या. त्यानंतर मला त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. बेडपॅन मात्र रोज उचललं.

धर्माबद्दल त्या आपणहून एक अक्षर बोलत नसत, आणि गंमत अशी की त्यामुळेच लोक विचारायला जात. आमची यादम्मा रविवारी त्यांच्याबरोबर चर्चला जाऊ लागली. तुला त्यांनी बोलावलं का, म्हणून मी तिची उलटतपासणी घेतली. ती म्हणाली, बोलावतात कसल्या, मीच मागे लागले. तुम्ही रविवारी कुठे जाऊन येता, की सोमवारी दुसऱ्याची घाण काढताना तुम्हाला राग येत नाही, ते मला बघायचंय म्हटलं. मी तिला म्हटलं, शहाणी आहेस, कामाकडे लक्ष दे. खरं सांगायचं तर तो प्रश्न मलाही पडला होता. पण मी ग्रॅज्युएट, सेक्रेटरी, शिवाय पुरुष. असले प्रश्न मी कुणाला विचारत नाही.

आता हे नीट ध्यानात ठेवा: त्यांना आमच्या घरी मी बोलावलं होतं. मी. अण्णा कमरेच्या दुखण्यातून उठले, धरून चालू लागले, पण डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. माझी फॅक्टरी सकाळची. वसुधा जामबागच्या शाळेत शिकवायची, तिला साडेसातला बस पकडावी लागे. अण्णांना सांभाळायला ठेवलेली माणसं आठवडाभर टिकत नसत, कारण अण्णा ताट भिरकावून देत. शेवटी मी चौथ्या मजल्यावर गेलो आणि हात जोडून म्हणालो, सिस्टरम्मा, सकाळी आठ ते दोन बसाल का? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी चपला पायात सरकवल्या होत्या. पैसे काही घेणार नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज आल्या, तीन वर्षं.

अण्णांचं सुलतान बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. ते विकून जमाना झाला, पण अण्णा रोज सकाळी उठून म्हणत, दुकान उघडायला उशीर होतोय. मी म्हणायचो, अहो अण्णा, दुकान विकलं! मग त्यांचा चेहरा असा पडायचा, की जणू ते आत्ताच पहिल्यांदा कळलंय. रोज मी त्यांना नव्याने ती बातमी द्यायचो आणि रोज ते नव्याने रडकुंडीला यायचे. आणि वर मीच चिडायचो. सिस्टरम्मांनी दुसऱ्या दिवशीच अण्णांची खुर्ची गॅलरीच्या खिडकीशी नेली, स्वतः खिडकीच्या पलीकडे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सेठ, दुरेघी वही है क्या?" अण्णांनी पाठ ताठ केली. आहे ना, म्हणाले, किती पानी हवी? त्या दिवसापासून दुकान रोज आठ वाजता उघडू लागलं. गिऱ्हाईक एकच, पण पक्कं.

जेवणाचं मात्र दुखणं मोठं होतं. अण्णा जेवणाआधी श्लोक म्हटल्याशिवाय घास घेत नसत, आयुष्यभराची सवय. आता त्यांना पहिली ओळ आठवायची आणि दुसरीवर गाडी अडायची. आठवत नाही म्हणून संताप, आणि संतापात ताट जमिनीवर. मी म्हणायचो, राहू द्या श्लोक, जेवा आधी. त्याने ते आणखी पेटायचे. सिस्टरम्मांनी एका रविवारी मला तो श्लोक सावकाश सांगायला लावला आणि तेलुगू अक्षरांत एका कागदावर उतरवून घेतला. वाचून दाखवला तेव्हा त्यांचा ळ आमच्या मुलीच्या ळपेक्षा खणखणीत होता. तेलुगूत ळ आहेच, आणि आमची कन्या हैदराबादेत हिंदी बोलत वाढलेली. पण दुसऱ्या ओळीत त्या एक शब्द चुकल्या. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. तिकडे अण्णा खवळले होते. असं नव्हे बाई, म्हणाले, ऐका, मी म्हणतो. आणि सबंध श्लोक धडाधड म्हणून टाकला. मग शांतपणे जेवले. त्यानंतर सिस्टरम्मा रोज त्या ठिकाणी चुकत आणि अण्णा रोज त्यांना शिकवत.

आपला डबा त्या अण्णांबरोबरच खात. अण्णांचा श्लोक झाला की आपल्या देवाला दोन वाक्यं म्हणत आणि शेवटी हलकेच आमेन. आमचे अण्णा जुन्या वळणाचे. समोरच्याने हात जोडले की आपणही जोडायचे, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. तेही आमेन म्हणू लागले. मला हे ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातून मी माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि वसुधाला खुणेने बोलावून दोघं तोंड दाबून हसलो होतो. दोन ठिकाणी हा किस्सा मी रंगवून सांगितलाही: सिस्टरम्मा श्लोक म्हणतात आणि अण्णा आमेन, बघा आमचं हैदराबाद! टाळी घेतली होती त्यावर.

कार्तिकात आमच्या बिल्डिंगची सामुदायिक सत्यनारायण पूजा असते, खाली सेलरमध्ये, म्हणजे गाड्या लावतात तिथे. गाड्या बाहेर काढायच्या, सतरंज्या घालायच्या, सगळे मजले खाली. अण्णांना मी चाकाच्या खुर्चीतून नेलं होतं, नवं धोतर नेसवून. कथा झाली, आरती झाली. गुरुजी शेवटचा मंत्र म्हणून थांबले आणि सगळं कसं शांत झालं. त्या शांततेत अण्णांनी हात जोडले, डोळे मिटले आणि दुकानदाराच्या खड्या आवाजात म्हणाले, "आमेन."

आधी पोरंटोरं हसली. त्यांच्याबरोबर हसणारे मोठे मात्र मधेच थांबले. प्रसाद घेताना तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी वसुधाला विचारलं, तुमच्याकडे कधीपासून? कधीपासून काय, ते त्यांनी म्हटलं नाही. संध्याकाळपर्यंत असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ आला होता आणि खाली एकेकाची मतं: म्हाताऱ्या माणसाला गाठून असं करतात, यादम्माला ओढलंच आहे, आज यांचे वडील, उद्या आपले. रविवारी सेलरमध्ये मीटिंग ठरली. नोटीस मीच काढली, सेक्रेटरी ना.

आमचे अध्यक्ष म्हणजे रिटायर्ड इंजिनिअर, तिसऱ्या मजल्यावर राहणारे. माणूस वाईट नाही, पण गर्दीपुढे त्यांचा आवाज चढतो. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सिस्टरम्मांना पुढे बसवलं होतं, आणि त्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. वसुधा अण्णांजवळ वर थांबली होती. अध्यक्षांनी पहिला प्रश्न मला विचारला, आणि सरळच विचारला. या बाई तुमच्या घरी रोज जातात, त्या तुम्ही बोलावलंत म्हणून, की आपणहून? वडिलांना काय शिकवतात, तुम्हाला माहीत होतं का?

उत्तर दोन शब्दांचं होतं. मी बोलावलं. तिसरा शब्द लागत नव्हता. त्यापुढे श्लोकाची गोष्ट सांगितली असती, तर निम्मी सभा हसून उठली असती. मी तीच गोष्ट दोनदा टाळ्या घेऊन सांगितली होती. पण मी म्हणालो, "त्या आपणहूनच यायच्या. आम्ही दोघं दिवसभर घराबाहेर. काय शिकवतात, मला काही कल्पना नव्हती."

का म्हणालो? मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. मुलीचं लग्न अडलं होतं, नोकरी जाणार होती, असलं काहीसुद्धा नव्हतं. खुर्च्यांवरची चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती, एवढंच. यांच्या घरात शिरलंय वाटतं, अशी ती नजर होती, आणि ती माझ्यावरून काढून दुसऱ्या कुणावर टाकायची मला घाई झाली होती. तीन वर्षं जिने माझ्या बापाचं गू-मूत काढलं, तिच्यावर टाकली.

अध्यक्ष त्यांच्याकडे वळून म्हणाले, हे म्हणतात ते खरं का? मी माझ्या चपलांकडे बघत होतो. मला वाटलं, आता या सांगणार, आणि सांगितलं तर त्यांचं काहीच चुकणार नव्हतं. त्या खोटं बोलत नसत, म्हणून हो म्हणणार नाहीत हेही मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "मैं किसीकू बी आमेन बोलो बोल के नहीं बोली. अय्या मेरे साथ बोले, सो बोले. इनसे और कुछ नक्को पूछो. इनके घर में बीमार है."

सभेला तेवढं पुरलं. त्यांना मुदत द्यावी आणि फ्लॅटच्या मालकाला कळवावं, असं ठरलं. मालक अमेरिकेत. ईमेल लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी इंग्रजी चांगलं लिहितो असा बिल्डिंगमध्ये माझा लौकिक. मी घरी येऊन तो लिहिला. व्याकरणाची एक चूक नव्हती. वसुधाने माझ्या खांद्यावरून वाचला आणि म्हणाली, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. उद्या जाऊन खरं काय ते सांगा. मी म्हटलं, उद्या बघू. सकाळी मालकाचं उत्तर आलं होतं: महिनाअखेर फ्लॅट रिकामा करून घ्यावा. अकरा वर्षांचं बिऱ्हाड. मी पुढे काही बोललो नाही, मिठाची गुळणी धरून बसलो.

कुणाच्या घरी जायचं नाही, असं सभेने त्यांना बजावलं होतं. त्या आल्या नाहीत. पहिल्या दिवशी अण्णांनी ताट सारलं. दुसऱ्या दिवशी भिरकावलं. तिसऱ्या दिवशी ताटापुढे नुसतेच बसून राहिले. मी रजा काढली होती. श्लोक म्हटला, मुद्दाम दुसऱ्या ओळीला चुकलो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी ते पुरते भानावर होते, हे मी शपथेवर सांगतो.

"तू नको," ते म्हणाले. "त्या बाईंना बोलाव. त्यांचं चुकतं, मला सांगावं लागतं."

संध्याकाळी मी चौथ्या मजल्यावर गेलो. दार नेहमीसारखं अर्धं उघडं होतं. आत खोकी बांधून ठेवलेली. क्षमा मागायची म्हणून गेलो होतो, जिन्यात वाक्यं जुळवली होती, आणि तोंडातून निघालं काय, तर अण्णा तीन दिवस जेवलेले नाहीत. त्या लगेच उठल्या. चपला घातल्या. दाराशी येऊन थांबल्या आणि मला विचारलं, "पीछे की सीढ़ी से आऊं? लोगां देखे तो तुमकू तकलीफ."

आमच्या बिल्डिंगला मागे एक लोखंडी जिना आहे. कचरा नेणारे आणि टाकी धुणारे तेवढा तो वापरतात. अरुंद, गोल फिरणारा, आणि यांचे गुडघे गेलेले. अजूनही वेळ होती. नाही म्हणायचं, हात धरायचा आणि समोरच्या जिन्याने, सगळ्यांच्या देखत, खाली आणायचं. मी म्हणालो, "हौ. तेच बरं पडेल."

महिना संपेपर्यंत त्या रोज दुपारी त्या जिन्याने आल्या. प्रत्येक वळणावर थांबत, कठडा धरत, आणि मी किंवा वसुधा स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून वाट बघत असू. त्यांनी अण्णांना जेवू घातलं आणि वसुधाला शिकवून ठेवलं, कुठे चुकायचं आणि चुकल्यावर चेहरा कसा ठेवायचा. मला ते जमलं नव्हतं, कारण मी चुकलोय हे सोंग होतं आणि अण्णांना ते दिसत होतं. वसुधाला जमलं. अण्णा त्यानंतर दोन महिने जगले, तेवढे जेवून जगले.

त्या गेल्या त्या दिवशी मला फॅक्टरीत फार काम निघालं. निघालं म्हणजे मी काढलं. वसुधा आणि यादम्मा टेम्पोपर्यंत सामान घेऊन गेल्या. बाकीच्या खिडक्यांचे पडदे हलत होते, असं वसुधा म्हणाली.

अण्णांचे दिवस झाल्यावर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बोलारमला गेलो. एका चर्चच्या आवारात मागे खोल्या होत्या, त्यांतली एक सिस्टरम्मांना मिळाली होती. गेलो तेव्हा त्या एका म्हाताऱ्याची पायाची नखं कापत होत्या. मला बघून हसल्या आणि पाण्याचं तसराळं धरायला सांगितलं. मी धरलं. नखं संपली, पाय पुसून झाले, आणि मग मी बोललो. सगळं बोललो, सभेतलं, ईमेलचं, जिन्याचं. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

"माफ तो मैं उसीच दिन कर दी," त्या म्हणाल्या. "वो काम हो गया. मगर सच बात मेरेकू कायकू बोलते? मेरेकू तो मालूम है. जिनकू नहीं मालूम, उनकू जाके बोलो."

मग त्यांनी अण्णांचं विचारलं. शेवटी त्रास झाला का, पाठीला जखमा झाल्या होत्या का, शेवटचं काय खाल्लं. मी सांगत गेलो आणि त्या रडल्या. माझ्या वडिलांसाठी माझ्यापेक्षा जास्त रडल्या. प्रार्थना करूं का, असं त्यांनी मला त्याही दिवशी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

जाऊन सांगा म्हणणं सोपं. मी चार महिने टाळलं. कधी ताप, कधी ऑडिट, कधी कोरम नाही. वार्षिक सभेत सगळे विषय संपत आले तेव्हा मी उठलो. म्हणालो, सिस्टरम्मांना मी हात जोडून बोलावलं होतं, त्या काय करतात ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यांनीच अण्णांकडून श्लोक म्हणवून घेतला, आणि या सभेत मी खोटं बोललो. सेक्रेटरीपद सोडतो.

कुणी ओरडेल, निदान मान फिरवेल, असं मला वाटत होतं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ जांभई आवरत म्हणाले, "सेक्रेटरी गारू, वो तो सबकू मालूम था." प्रसादाच्या वेळच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, सिस्टरम्मा लोखंडी जिन्यावरून यायच्या, ते मी रोज बघत होते. अध्यक्ष कागद चाळत राहिले. म्हणजे ज्या चाळीस माणसांच्या भीतीने मी खोटं बोललो, त्या चाळीसांनाही ते खोटं आहे हे बसल्या जागी ठाऊक होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून एका बाईला घराबाहेर काढलं, आणि फसलेला असा आमच्यात एकही जण नव्हता. सेक्रेटरीपद घ्यायला कुणी तयार होईना. पुढचा विषय टाकी साफ करण्याचा होता, तो झाला.

पावसाळ्यात अध्यक्षांची बायको न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. महिनाभर दवाखाना झाला, मग घरी पडून. एका सकाळी अध्यक्ष आमच्या दारात उभे. आत या म्हटलं तरी येईनात. सिस्टरम्मांचा पत्ता हवा होता. येतील का त्या, म्हणून त्यांनी विचारलं. येतील, मी म्हणालो, आणि ते म्हणताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, मैं क्या मुंह लेके जाऊं? मी म्हटलं, जे घेऊन मी गेलो, तेच घेऊन जा.

त्या आल्या. दर मंगळवारी, दोन बस बदलून, आणि समोरच्या गेटने. आमच्या गेटवर बाहेरच्यांसाठी रजिस्टर असतं: नाव, कुठून आलात, कोणत्या फ्लॅटला, कशासाठी. वॉचमन त्यांना ओळखत होता, असू द्या अम्मा म्हणायचा. त्या नियम मोडत नसत. त्याच्या स्टुलावर बसून, चष्मा लावून सगळे रकाने भरायच्या. लोक 'कशासाठी'च्या रकान्यात काहीबाही खरडतात, पर्सनल, काम, डिलिव्हरी. त्यांनी तेलुगूत गोल अक्षरांत लिहिलेलं असायचं: घरच्यांनी बोलावलं म्हणून. आजाऱ्याच्या सेवेसाठी आणि प्रार्थनेसाठी.

दर महिन्याच्या शेवटी ते रजिस्टर माझ्याकडे येतं. सेक्रेटरीने प्रत्येक पान वाचायचं आणि खाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून सही करायची. अध्यक्षांची बायको काठी घेऊन चालू लागेपर्यंत, आठ महिने, मी त्या ओळींखाली ते लिहून सही करत राहिलो. बरोबर आहे. घरच्यांनी बोलावलं म्हणून. बरोबर आहे.